वरच्या दगडावरचा उजेड

दिवाळी सरली की आठवडाभरात फरीदाबादचा सूर्य उघड्या डोळ्यांनी बघता येतो. भर दुपारी. ताटलीएवढा गोल, कडा नीट कापलेल्या, रंग मोसंबीच्या गरासारखा. बाहेरून आलेले पाहुणे म्हणतात, काय सुंदर दिसतोय. मी त्यांच्या हातात मास्क देते. या वर्षी तो तसा दिसला तेव्हा मी गॅलरीतल्या टेबलाशी बसून एका पत्रकाचा मजकूर लिहीत होते. घशात ओळखीची खरखर आली, जळक्या रबराची चव जिभेच्या मुळाशी जाऊन बसली, आणि पत्रक राहिलं बाजूला, मला मशरूम आठवले. भाजीतले नव्हेत. आमच्या बैठकीतल्या टँकमधले, खाऱ्या पाण्यातले, मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढे दोन मऊ प्रवाळ. धुराचा मोसम आला की ते आठवतात. त्यांच्याबरोबर तेव्हाची मीही आठवते, आणि ती आठवण काही बरी नाही.

सरळच सांगते. तो अख्खा हिवाळा मी माझ्या वहिनीवर जळत होते.

पत्रकं लिहिणाऱ्याला एक खोड लागते. जे वाईट ते दुसऱ्याच्या दारात शोधायचं आणि ठळक अक्षरांत छापायचं. मी कॉलेजपासून हेच करते आहे. सांडपाणी, भाडेकरूंची हकालपट्टी, शाळेजवळचा कचऱ्याचा डोंगर, काय म्हणाल ते. स्वतःचा हेवा कुठल्या पत्रकात बसवायचा, हे मात्र कुणी शिकवलं नाही. 'हम मांग करते हैं' म्हणून सुरुवात करावी तर मागायचं कुणाकडे, आणि काय?

त्या वर्षी भर पावसाळ्यापासून मी तीन महिने घराबाहेर होते. रेल्वेलाइनच्या पलीकडे कारखान्यातल्या कामगारांची एक जुनी वस्ती आहे, तिच्या दक्षिणेला उंच टॉवर उभे राहत होते. आदल्या हिवाळ्यात दुपार व्हायच्या आत वस्तीच्या छपरांवरून ऊन निघून जायचं. रजया वाळत नव्हत्या, म्हातारी माणसं खाटा उचलून उन्हामागे गल्लीगल्लीतून फिरायची. आम्ही पाच जण तिथेच खोली घेऊन राहिलो. 'धूप पर पहला हक़ किसका?' हा मथळा माझा. अजूनही मला तो आवडतो.

ऑक्टोबर संपताना खोकत घरी आले तर बैठकीत माझं टेबल नव्हतं. आतल्या भिंतीशी, खिडकीपासून दूर, जिथे मी दहावीपासून बसत आले तिथे भिंतीला एक टोक लावून चार फुटी काचेचा टँक होता. आत दगडांची रास, वर निळसर दिव्यांचा पट्टा. बाबा स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसलेले, आणि टँकच्या पलीकडच्या बाजूने काचेतून डोकावणारी पूनम वहिनी. पाण्यातून तिचा चेहरा मोठा आणि उजळ दिसत होता. बाबांनी मान वळवली. "आलीस? दार ओढून घे, धूर येतो," म्हणाले. मग पुन्हा टँककडे तोंड करून, वेगळ्याच आवाजात, "बेटा, ज़रा इधर से देखिए, ये खुला हुआ लग रहा है?"

टेबल गॅलरीत गेलं होतं. खिडकीचं ऊन टँकवर पडलं की शेवाळ माजतं, त्यामुळे ऊन न येणारी घरातली एकच भिंत लागत होती. ती माझी निघाली. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, टेबलाला काय, कुठलाही उजेड चालतो.

बाबांच्या हिंदीबद्दल लिहायलाच हवं. आम्ही मूळ नगरचे, ख्रिस्ती. बाबांनी दिल्लीत मंत्रालयात तीस-बत्तीस वर्षं फायली हलवल्या. दादाचं लग्न झालं तेव्हा कोर्टात सह्या, मग पास्टरांची घरी प्रार्थना, आणि पूनमच्या गाझियाबादच्या मंडळींनी आणलेला गाजराचा हलवा, असा सगळा बेत होता. पंजाबी सून घरात आली, तिच्याशी बाबा हिंदीत बोलायला लागले, आणि आम्हाला कळलं की हिंदीत आमचे वडील एक वेगळेच गृहस्थ आहेत. हिंदीत ते 'आप' म्हणतात. हिंदीत ते 'कोई बात नहीं' म्हणतात. मराठीत या वाक्याला त्यांच्याकडे प्रतिशब्दच नसावा. मराठीत मला मिळायचं ते असं: 'लटकवलं' काय, टांगलं म्हण. दिवा बंद कर. परीक्षेचा फॉर्म भरलास का. पूनम मराठी बोलताना 'मी चाय बनवला' म्हणायची आणि बाबा कौतुकाने हसायचे. मी एक शब्द विसरले की दिल्लीने माझी जीभ खाल्ली.

पूनम डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. बाबा निवृत्त झाल्यावर सकाळी अकराला पेपर संपवून भिंतीकडे बघत बसायला लागले, ते तिने पाहिलं. घरात आणखी तीन माणसं होती. आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायला उजाडताच निघायची, दादा गुरुग्रामहून यायचा तो झोपायला, आणि मी वस्तीत. म्हणजे आम्ही कुणी पाहिलं नाही, तिने पाहिलं. तिच्याकडे येणारे गाझियाबादचे एक निवृत्त इंजिनियर अंकल तळमजल्यावर मऊ प्रवाळ वाढवतात. तिने बाबांना तिथे नेलं. त्यानंतर बाबा भिंतीकडे बघेनासे झाले.

मी अर्थात पहिल्याच दिवशी उलटतपासणी घेतली. दगडासारखा सांगाडा असलेले प्रवाळ आपल्याकडे कायद्याने घरात ठेवता येत नाहीत, समुद्रातून तोडून आणणं हा गुन्हा आहे, कागद कुठे आहेत, असं सगळं उभ्या उभ्या. पूनम शांतपणे म्हणाली, "हे मऊवाले आहेत, करुणा. अंकलच्या टँकमध्येच वाढले, तिथेच कापले. समुद्राने यांना बघितलं पण नाही." तिने अंकलची चिठ्ठी दाखवली, कुठला तुकडा कुठल्या टँकमधून कापला त्याची. मी चिठ्ठी दोनदा वाचली. गुन्हा सापडला नाही म्हणून मी इतकी हिरमुसले की मलाच चमत्कारिक वाटलं.

तिची टँकवर काम करायची रीत अजून डोळ्यांसमोर आहे. डोळे तपासताना काच बदलून विचारतात ना, आता बरं दिसतं की आधी? ती प्रवाळाला तसंच विचारायची. नवा तुकडा आला की आधी तळाच्या वाळूवर, कोपऱ्यात. आठवडाभर नुसतं बघायचं. उघडला, फुगला, रंग धरला, तर बोटभर वर. पुन्हा थांबायचं. "बाबा, अब बेहतर, या पहले वाला?" बाबा चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावायचे. दिव्याचा जोरही असाच, आठवड्याला इवलासा वाढवायचा, कारण अंधारात वाढलेल्यावर एकदम प्रखर उजेड पडला की ते भाजतं. आणि बाबांनी या सगळ्याची फाइल उघडली होती. खरीखुरी, दोरी बांधलेली. "लेदर आज उघडले नाही. हस्तक्षेप नको. पुन्हा पाहावे." "झोआ: माना लांबवीत आहेत. उजेड अपुरा असावा. पू. यांचे मत घ्यावे."

पू. यांचे मत. माझं मत त्या घरात शेवटचं कधी घेतलं गेलं होतं, ते मी आठवून पाहिलं. पडद्यांच्या वेळी. आणि पडदे दुसऱ्याच रंगाचे आले.

लेदर म्हणजे ओल्या चामड्याच्या छत्रीसारखा प्रवाळ. जागा बदलली की रुसतो, आठ-आठ दिवस मिटून बसतो, अंगावर मेणचट कातडं चढतं, आणि मग एका सकाळी दुधावरच्या सायीसारखं ते सुटून जातं आणि छत्री उघडते. झोआ ही शर्टाच्या बटणाएवढी फुलं, हिरवी-केशरी, दाटीवाटीने. उजेड कमी पडला की देठ ताणून माना वर काढतात, जास्त झाला की दगडाला चिकटून बसतात. पाहुण्यांना वाटायचं, केवढी शांतता आहे या टँकमध्ये. शांतता कसली. लेदर शेजाऱ्यांना वाढू न देणारं काहीबाही पाण्यात सोडत असतो. झोआ शेजारच्या दगडावर पसरून दुसऱ्याला झाकून टाकतात. सगळ्यांचा एकमेकांवर डोळा. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. ज्याला जागेवरून हलता येत नाही, त्याने हेवा नाही करायचा तर काय करायचं?

पण ते आपापसात. माझा हेवा त्या सगळ्यांवर होता. एका चिमटीएवढ्या जिवाला उजेड मानवतो की नाही, यासाठी दोन मोठी माणसं आठवडा-आठवडा थांबत होती. मला कुणी वाळूवर ठेवून पाहिलं होतं? बाबांना मी एकदम वर हवी होते, पहिल्याच झटक्यात, सरकारी नोकरीच्या परीक्षेत. मी फॉर्म भरायचा सोडला त्यालाही तेव्हा दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून आमचं बोलणं दार, दिवा आणि शुद्धलेखन एवढ्यावर आलं होतं.

आई शाळेतून येऊन चप्पल काढता काढता एकदा म्हणाली, "नाव करुणा ठेवलं आम्ही, आणि तोंड बघ. तुझ्या पत्रकात टँक आला का अजून?" मी म्हटलं, येईल. बाहेर माणसांना ऊन मिळत नाही आणि आपल्या बैठकीत टँकचा सूर्य बटणावर रोज दहाला उगवतो, हे बरोबर आहे का? ती म्हणाली, मग तू तिच्यासारखी दोन मिनिटं बस तरी बाबांजवळ. मी म्हटलं, जागा कुठे आहे. स्टूल दोनच होते.

नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांचा महिना. जिवंत आहोत हे बँकेत जाऊन दाखवायचं असतं. एका दुपारी पूनम बाबांना स्कूटरवर बसवून हयातीचा दाखला द्यायला घेऊन गेली. दोघांनी मास्क लावलेले, आणि बाबा तिच्या मागे शाळेतल्या मुलासारखे ताठ. मी गॅलरीतून पाहिलं. मी नेते म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, मला रिक्षा मिळते.

मी सकाळीच वस्तीतून पत्रकं वाटून आले होते. डोकं तापलेलं. एका बाईने पत्रक उलटसुलट करून विचारलं होतं, इससे धूप आएगी? मी घरात एकटी, टँकसमोर उभी राहिले. सकाळी निळसर असणारे दिवे दुपारचे पूर्ण पांढरे झाले होते. वरच्या दगडावर लेदर छत्री उघडून ऐसपैस बसलेला, त्याच्या अंगावर उजेडाचे धबधबे. आणि तळाशी, पुढे आलेल्या कपारीच्या सावलीत, ते दोन मशरूम. चपटे, जांभळट तपकिरी, गप्प. त्यांच्यापर्यंत उजेडाची एक तिरपी कड पोचत होती, तीही जाऊन-येऊन.

मी त्या टँकमध्ये वस्तीच्या दक्षिणेचे टॉवर पाहिले. दुसरं काही पाहिलंच नाही. बाही अर्धवट वर केली, हात घातला. पाणी कोमट होतं. मशरूम ज्या छोट्या दगडांना चिकटले होते ते दगड उचलले, आणि दोन्ही नेऊन सगळ्यात वर ठेवले, दिव्याच्या बरोबर खाली. लेदरला जरा बाजूला सरकवलं. तेव्हा मला वाटलं, न्याय केला. आज लिहिताना एवढं कबूल करते की त्यात न्याय निम्मा होता. उरलेलं असं होतं की या टँकमध्ये पू. यांच्या मताशिवाय काहीतरी व्हावं.

संध्याकाळी बाबांनी पाहिलं. मी सोफ्यावर पेपर धरून बसले होते. ओरडतील, मग मी बोलेन, सगळंच बोलेन, असा माझा बेत होता. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावलं. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "पूनम बेटा, मशरूम आपने ऊपर रखे हैं? कुछ सोचकर ही रखे होंगे।"

पूनम हात पुसत दारात आली. तिने टँककडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी बाही कोपरापर्यंत ओली होती, ती वाळलीच नव्हती. या मोसमात काही वाळत नाही. ती म्हणाली, "जी बाबा। देखते हैं।" बाबांनी फाइल काढली आणि लिहिलं.

मी त्या क्षणाइतकी कुणावर जळले नाही. जे माझ्या नावावर मूर्खपणा ठरलं असतं, ते तिच्या नावावर विचारपूर्वक झालं. आणि ते तिच्या नावावर मीच चढवलं होतं, तोंड मिटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनमला गाझियाबादला जावं लागलं. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, चार दिवस. निघताना ती टँकजवळ थांबली, पर्स खांद्याला, हात काचेवर. मशरूम खाली ठेवून गेली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. ठेवले नाहीत. मला म्हणाली, "ध्यान रखना," आणि गेली. तेव्हा मला तिचा राग आला. आज वाटतं, तिने कबुलीची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. पण हेही आजचं वाटणं आहे, तेव्हाचं नव्हे.

पहिल्या दिवशी मशरूम आक्रसले. दुसऱ्या दिवशी कडा आत वळल्या, जुन्या बटणासारख्या. जांभळा रंग धुतल्यासारखा फिका व्हायला लागला, तपकिरी तर गेलाच. बाबा स्टुलावर बसून बघायचे, हात मांडीवर. मी जाता जाता म्हटलं, खाली ठेवायचे का? ते म्हणाले, पूनमने ठेवलेत, तिला येऊ दे. फाइलमध्ये मी चोरून वाचलं: "मशरूम: रंग उतरत आहे. पू. यांच्या निर्णयानुसार वरच. पुन्हा पाहावे." विश्वास ठेवला की माणूस किती नेटाने चूक सांभाळतो, हे मी त्या ओळीत शिकले. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची कड कागदासारखी पांढरी झाली. खिडकीबाहेरही सगळं पांढरंच होतं, समोरची इमारत दिसत नव्हती, आणि त्या धुरकट दिवसांत आमच्या घरात एकच गोष्ट लख्ख उजेडात होती, ती म्हणजे माझं काम.

चौथ्या दिवशी सकाळी पांढरा झालेला तो मशरूम दगडावरून सुटायला आला. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि पत्रकात लिहितात तसं एका दमात सांगितलं. मी ठेवले. वहिनीने नाही. त्या दुपारी. मला वाटलं खालच्यांना उजेड मिळत नाही.

बाबांनी आधी उठून दोन्ही दगड खाली सावलीत नेले. मग हात न पुसताच माझ्याकडे वळले.

"येडपट कुठली. वर ठेवलं म्हणजे झालं? विचारायचं नाही कुणाला? तुला कधी कुणाला विचारावंसं वाटतच नाही. परीक्षेचं नाही विचारलंस, घर सोडून गेलीस तेव्हा नाही विचारलंस. तीन महिने त्या धुळीत खोकत होतीस, एक फोन केला असता तर मी औषध घेऊन आलो असतो. पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली, ओला टॉवेल दारावर, आणि बापाशी बोलायचं तर बाई पेपर धरून बसते. चार दिवस. चार दिवस मी त्या पोरीला मनात दोष देत बसलो, आणि तू समोरून जात होतीस."

हे नुसतं सुरुवातीचं. नंतर ते दहावीच्या गणितापर्यंत मागे गेले. मी उभी होते, मान खाली. आणि मध्येच कुठेतरी मला कळलं की हे गेल्या दोन वर्षांतलं त्यांचं माझ्याशी सगळ्यात लांब बोलणं आहे. त्यात मी सगळीकडे होते. माझा टॉवेल होता. माझा खोकला होता. रेल्वेलाइनच्या पलीकडे मी खोकत होते हे यांना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. आईने सांगितलं असेल. किंवा स्वतः येऊन लांबून पाहून गेले असतील. ते तसं करू शकतात.

संध्याकाळी पूनम आली तेव्हा एक मशरूम गेला होता. दुसरा तळाशी मिटून पडला होता, मात्र जिवंत होता. तिला माझ्या आईकडून सगळं कळलं. ती स्वयंपाकघरात ओट्याशी मटार सोलत बसली. मी शेजारी बसून शेंगा घेतल्या. बऱ्याच शेंगा झाल्यावर मी विचारलं, त्या संध्याकाळी तू बोलली का नाहीस.

"बोलना तुम्हें था," ती म्हणाली.

मग मटारकडेच बघत, "मला बाबा असं कधी बोललेच नाहीत. तीन साल झाली. मी त्यांचा कप तोडला. दूध उतू गेलं. स्कूटर गेटवर ठोकली. कोई बात नहीं, बेटा. बस. मेहमान हूँ मैं इस घर में।"

हे ऐकून माझं मन भरून यायला हवं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. धडधडीत, लबाड आनंद. अख्खा मोसम मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती. मी तिच्या वाटीतले किडके मटार वेचून देत राहिले आणि आतून पोळीसारखी फुगत होते. तिने मान वर केली, डोळे ओले होते, आणि तेव्हा कुठे जरा लाज वाटली.

इथे कुणी म्हणेल, बघ, काहींना सावलीच मानवते, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, हाच धडा. तर नाही. हे वाक्य मी टॉवरवाल्यांच्या वकिलाच्या तोंडून ऐकलं आहे, अगदी याच गोड चालीत. माणसं म्हणजे मशरूम नव्हेत. वस्तीतली म्हातारी खाट घेऊन उन्हामागे फिरते, ती सावली मानवते म्हणून नव्हे. माझा मथळा मी आजही बदलणार नाही. चुकलं ते एवढंच की मी टँकमध्ये हात घातला तेव्हा त्या दोन जिवांकडे मी पाहिलंच नव्हतं. मी पाहत होते पू. यांच्याकडे.

तो उरलेला मशरूम महिनाभराने उघडला. आता या मोसमात त्याची सहा पिल्लं आहेत, तळच्या दगडावर, जांभळी, एकमेकांना खेटून. गॅलरीतल्या टेबलावरून दिसत नाहीत. बघायला आत जावं लागतं, आणि मी जाते. स्टूल अजून दोनच आहेत. कधी एकावर मी असते, कधी ती. जिचा नंबर लागत नाही ती उगाच त्या खोलीत येऊन काहीतरी शोधते.

पण त्या हिवाळ्याचं अजून थोडं राहिलं आहे. मटार सोलल्यावर दोन-तीन दिवसांनी मी बाबांकडे गेले आणि स्पष्ट म्हटलं, वहिनीलाही रागवत जा. बाबांनी फाइलमधून मान उचलून चष्म्याच्या वरून पाहिलं. मी म्हटलं, ती तुम्हाला परकी वाटते म्हणून तुम्ही तिच्याशी इतकं गोड वागता, हे तिलाही कळतं, आणि हा अन्याय आहे. घरात एकीला बोलणी आणि एकीला 'आप', हे चालणार नाही. बाबा म्हणाले, "रागवण्यासारखं ती काही करतच नाही." मला ते लागलं. तरी मी मागणी मागे घेतली नाही.

नाताळाच्या आठवड्यात मी बैठकीच्या दारावर कागदाचा तारा चिकटवत होते. पूनम दवाखान्यातून आली. थंडीने तिचे हात फुटले होते, सारखी क्रीम चोळत असायची. एका झोआचा दगड कलंडलेला दिसला, म्हणून तिने आल्या आल्या हात घातला. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला, इंद्रधनुष्याचे रंग निघाले, आणि त्या कोपऱ्यातल्या झोआ एकामागून एक मिटत गेल्या.

बाबा स्टुलावरून उठले. "अगं ए बाई, क्रीमचे हात टँकमध्ये घालतेस? हात धुवायची अक्कल नाही तुला?" आणि मग ते थांबलेच नाहीत. हिंदीत वळलेच नाहीत. स्कूटर रोज वाकडी लावतेस. चहात साखर किती घालतेस, मला मारायचा विचार आहे का. दवाखान्यातून उशीर होतो तर फोन करायचा नाही, आम्ही इथे धुरात डोळे लावून बसायचं. तीन वर्षांचं साचलेलं, सगळं 'तू', सगळं मराठीत. तिला निम्मं तरी कळलं की नाही, देव जाणे. ती ओला हात तसाच धरून उभी होती, मान खाली, आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पत्रकं लिहायला लागल्यापासून माझी पूर्णपणे मान्य झालेली ही पहिली मागणी. हातात चिकटपट्टी घेऊन मी दारात उभी होते, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष होतं, बाबा तिला माझ्यापेक्षा जास्त वेळ रागावतात की काय.